बर्फाच्या प्रदेशात हिवाळी पाऊस

उत्तर ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटर अंतरावर न्यू-ऑलेसुंड नावाचे एक लहानसे संशोधनग्राम आहे. तेथे फेब्रुवारी महिना म्हणजे कडाक्याच्या थंडीचा कळस. १९६१ ते २००१ या काळातील नोंदी पाहिल्या, तर वर्षाच्या या दिवसांतील तेथील सरासरी तापमान शून्याखाली १५ अंश सेल्सिअस भरते. सन २०२५ च्या फेब्रुवारीत हिवाळी बर्फाचा अभ्यास करण्याच्या हेतूने काही शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. जाड हातमोजे, लोकरीचे थर, गोठलेल्या जमिनीत शिरणारी अवजारे अशी सारी सिद्धता त्यांनी केली होती. प्रत्यक्षात त्यांना पाऊस भेटला. त्या महिन्यातील २८ दिवसांपैकी १४ दिवस तापमान शून्याच्या वर गेले आणि महिन्याची सरासरी शून्याखाली अवघी ३.३ अंश भरली. बर्फ वितळून जागोजाग तळी साचली, खालचे हिरवे शेवाळ उघडे पडले आणि दगडासारखी कठीण असावयाची ती जमीन इतकी मऊ झाली की, मातीचे नमुने चमच्याने काढता आले.

पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या देशातील वाचकाला यात संकट ते कोणते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. थंडी कमी झाली, चार थेंब पडले, तर बिघडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या भूमीची थोडी ओळख करून घेणे भाग आहे. कारण जेथे घर, रस्ता, कबर आणि कोठार यांचा पायाच थंडी आहे, तेथे ऊब ही पाहुणी म्हणून येत नाही.

स्वालबार्ड: भूमी आणि माणसे

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बऱ्याच उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. त्यातील निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांनी झाकलेली आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या करारान्वये या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. मात्र करारावर सह्या करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना तेथे उद्योगधंदा करण्याचा समान हक्क राहिला. त्या वेळी ब्रिटिश सत्तेखाली असलेला भारत या करारातील मूळ पक्षांपैकी एक होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

लाँगइयरब्येन हे तेथील मुख्य गाव. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. या बेटांवर मूळनिवासी असे कोणी नव्हतेच; जे आहेत ते सारे बाहेरून आलेले. नॉर्वेजियन लोकांबरोबर थायलंड आणि फिलिपीन्स येथून पोटासाठी आलेली कुटुंबेही तेथे बरीच आहेत. गावातील चर्च ल्यूथरपंथीय असून त्याचे दार रात्रंदिवस उघडे असते. कॅथलिकांच्या दृष्टीने हा भाग नॉर्वेतील ट्रोम्सो येथील धर्मक्षेत्रात मोडतो आणि तेथून धर्मगुरू अधूनमधून येऊन याच चर्चमध्ये मिस्सा अर्पण करतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस येथे सूर्य मावळतो तो थेट फेब्रुवारीच्या मध्यास क्षितिजावर येतो. डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पोहोचण्यास आणखी काही दिवस लागतात. ८ मार्चच्या सुमारास जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांवर पहिली किरणे पडतात, तेव्हा मुलाबाळांसह सारे गाव तेथे जमते. पर्जन्यमान म्हणाल तर वर्षाकाठी केवळ दोनशे मिलीमीटरच्या आतबाहेर. मुंबईत जोराच्या पावसाच्या एखाद्या दिवशी एवढे पाणी पडून जाते! शास्त्रीय परिभाषेत हा प्रदेश शीत वाळवंटच होय.

अशा गावाचे तापमान १९६१ ते १९९० या तीस वर्षांत सरासरी शून्याखाली ६.७ अंश होते. २०१६ या एका वर्षाची सरासरी शून्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. २०१० च्या अखेरीपासून सलग शंभराहून अधिक महिने असे गेले की, त्यांतील प्रत्येक महिना नेहमीच्या सरासरीपेक्षा उष्ण होता. २५ जुलै २०२० रोजी येथील विमानतळावर २१.७ अंश तापमानाची नोंद झाली. तोवरचा उच्चांक १९७९ मधला, २१.३ अंशांचा होता. वृत्तपत्रांचे मथळे अशा उन्हाळी उच्चांकांनी सजतात खरे, परंतु बदलाचे खरे मर्म हिवाळ्यात आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून आजवर वर्षाची सरासरी चार अंशांच्या आसपास वाढली आहे आणि हिवाळ्यातील वाढ सात अंशांच्या घरात आहे.

ऊब तेथेच अधिक का?

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९७९ पासूनच्या काळात उत्तर ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. कोळसा, खनिज तेल व वायू जाळून निघालेला कर्बवायू तर साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात सारखाच मिसळतो. मग ही विषमता का?

पहिले कारण बहुतेकांनी ऐकलेले असते. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी टक्के वा त्याहून अधिक भाग परत आकाशाकडे फेकला जातो. उघड्या समुद्राचे पाणी मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन टाकते. उन्हात पांढरा सदरा आणि काळा सदरा घालून उभे राहिलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. समुद्रावरील बर्फ थोडे वितळले की काळे पाणी उघडे पडते, ते अधिक तापते आणि त्या उष्णतेने आणखी बर्फ वितळते. उत्तर ध्रुवीय समुद्रावरील बर्फाचे आवरण दर सप्टेंबरात वर्षातील नीचांक गाठते. १९८० च्या सुमारास हे आवरण सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाखांवर आले.

परंतु एवढ्याने हिवाळ्याचे कोडे सुटत नाही. हिवाळ्यात तेथे ऊनच नसते, तेव्हा परावर्तनाचा प्रश्न कोठून उद्भवणार? येथे बर्फाचे दुसरे कार्य लक्षात घ्यावे लागते. समुद्रावरील बर्फ हे झाकण आहे. त्याच्याखाली पाणी शून्याखाली दोन अंशांहून थंड होत नाही. वर हवा मात्र शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकते. चुलीवरील भांड्याचे झाकण काढावे आणि वाफ वर यावी, तसे बर्फ हटले की समुद्राची उष्णता व बाष्प भर हिवाळ्यात हवेत येऊ लागते. त्यात भर म्हणजे ध्रुवप्रदेशात ही ऊब जमिनीलगतच्या थरात अडकून राहते. आपल्या उष्ण कटिबंधात जशी ती उंच चढून विरते, तशी तेथे विरत नाही.

स्वालबार्डच्या बाबतीत तिसरे कारणही आहे. अटलांटिक महासागरातील उष्ण व खारट पाण्याचा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढत या बेटांच्या पश्चिम कडेपर्यंत पोहोचतो. इतक्या उत्तरेला असूनही येथील बंदरांत जहाजे येऊ शकली, खाणी चालू शकल्या, त्या याच प्रवाहाच्या कृपेने. लाँगइयरब्येन ज्या मोठ्या खाडीच्या कुशीत वसले आहे, तिचे नाव इसफ्योर्ड, म्हणजे बर्फाची खाडी. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचे उष्ण पाणी पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत मोठ्या प्रमाणावर शिरले आणि त्यानंतर या खाड्यांचे पूर्वीसारखे भरभक्कम गोठणे थांबल्यासारखेच झाले. जुन्या रहिवाशांना बर्फावरून गाडी हाकत पलीकडच्या तीरावर गेल्याचे स्मरते. आता तेथे हिवाळ्यातही लाटा दिसतात. खाडीने केवळ नाव तेवढे जपले आहे.

पाऊस पडतो, तेव्हा

आता हिवाळी पावसाकडे वळू. शून्याखाली वीस अंशांवरून तापमान पंधरावर आले, तर बर्फ बर्फच राहते. त्या भूमीचा व्यवहार फारसा बदलत नाही. शून्याची रेघ ओलांडली की मात्र सारे बदलते. आकाशातून हिमाऐवजी पाणी पडते, ते साचलेल्या भुसभुशीत हिमातून झिरपत जमिनीपर्यंत जाते आणि दोन दिवसांनी थंडी परतली की तेथेच काचेसारखे गोठते.

या काचेची झळ सर्वप्रथम रेनडियरना लागते. स्वालबार्डचे रेनडियर आखूड पायांचे व गुबगुबीत असतात. हिवाळ्यात खुरांनी हिम उकरून खालचे वाळके गवत व शेवाळ खाऊन ते तग धरतात. हिम उकरता येते, काच उकरता येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात संशोधकांना दोनशेहून अधिक रेनडियर उपासमारीने मेलेले आढळले. त्याच्या आधीच्या डिसेंबरात मोठा पाऊस झाला होता. सोळा वर्षे चाललेल्या एका मोजणीत प्रौढ माद्यांचे हिवाळ्याअखेरचे सरासरी वजन ५५ किलोवरून ४८ किलोवर आल्याचे दिसून आले. पण चित्र एकरंगी नाही. उन्हाळा लांबल्यामुळे गवत अधिक उगवते, शरदात ते उशिरापर्यंत मिळते, आणि म्हणून बेटावरील रेनडियरची एकूण संख्या घटलेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वीपेक्षा अधिक, परंतु अशक्त जनावरे, अशी स्थिती झाली आहे.

ध्रुवीय अस्वलांविषयीही असेच सावधपणे बोलावे लागते. बर्फाच्या तुकड्यावर एकाकी उभे असलेले कृश अस्वल आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. जणू साऱ्या हवामानबदलाचे ते बोधचिन्हच! वस्तुतः स्वालबार्डच्या अस्वलांच्या अंगावरील चरबीचे मोजमाप करणाऱ्या संशोधकांना ती घटलेली आढळली नाही. सीलची शिकार अवघड होऊ लागल्यावर ही अस्वले रेनडियर, पक्ष्यांची अंडी आणि वॉलरसची मृत शरीरे यांवर गुजराण करू लागली. वॉलरसची शिकार १९५२ साली बंद झाल्यामुळे त्यांची संख्याही पुष्कळ वाढली आहे. काळजीचे स्थान दुसरीकडे आहे. दक्षिण-पूर्वेकडील होपेन बेटावर गर्भार अस्वली शरदात समुद्री बर्फावरून चालत येऊन बिळे करीत. ते बर्फ आता वेळेवर येत नाही; आणि ज्या वर्षी ते उशिरा येते, त्या वर्षी तेथील बिळे रिकामी राहतात. कळवळा उत्पन्न करणाऱ्या चित्रापेक्षा ही रिकामी बिळे अधिक काही सांगतात, असे मला वाटते.

पायाखालची जमीन

माणसांच्या घरांकडे आले की प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. स्वालबार्डची जमीन वरचा सुमारे एक मीटर सोडला, तर बारमाही गोठलेली असते. दऱ्यांमध्ये हा गोठलेला थर शंभर मीटर खोल, तर डोंगरांत चारशे मीटरहून अधिक आहे. इंग्रजीत याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण सदागोठित भूमी म्हणू. या भूमीत सिमेंटच्या पायाची गरज नसते. लाकडी खांब त्यात रोवले की ते गोठून पक्के होतात आणि त्यांवर घर उभे राहते. घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून घर आणि भूमी यांमध्ये मोकळी जागा ठेवतात. दर उन्हाळ्यात विरघळणारा वरचा थर आता अधिक खोल जाऊ लागला आहे. त्यामुळे खांब हलतात, त्यांच्या ओल्या भागाला कुज लागते, भिंती तिरक्या होतात. नवी घरे बांधताना पोलादी खांब खडकापर्यंत न्यावे लागतात आणि खर्च वाढतो.

गावाच्या दफनभूमीतही हाच प्रश्न आहे. गोठण्याच्या आणि विरघळण्याच्या नित्य क्रमात जमीन आपल्या पोटातील वस्तू हळूहळू वर ढकलते. १९१८ च्या शरदात खाणीत काम करण्यासाठी जहाजाने निघालेले सात तरुण त्या काळच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला बळी पडले व त्यांना लाँगइयरब्येन येथे पुरण्यात आले. ऐंशी वर्षांनी, १९९८ साली, त्या रोगाचे विषाणू थंडीत टिकून असतील, या आशेने एका शास्त्रीय पथकाने त्या कबरी उघडल्या. शवपेट्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर, दर उन्हाळ्यात विरघळणाऱ्या थरात आढळल्या आणि शोधाची ती आशा मावळली. या गावात मरण्यास कायद्याने बंदी आहे, अशी एक चटकदार बातमी अधूनमधून आपल्याही वृत्तपत्रांत येते. तिच्यात तथ्य एवढेच की, शवपेटीसह नवीन दफन तेथे केले जात नाही. रक्षापात्र पुरता येते.

सर्वांत मोठा आघात झाला तो १९ डिसेंबर २०१५ रोजी. नाताळ आठवड्यावर आला होता. शुक्रवारी रात्रभर पूर्वेकडून प्रचंड वादळ घोंघावत होते. शनिवारी सकाळी लोक घरांतच असताना सुकरटोपेन, म्हणजे साखरेचे शिखर, या डोंगराच्या उतारावर साचलेला हिमाचा थर निसटला आणि खालच्या वस्तीवर कोसळला. अकरा घरे आपल्या जागेवरून उखडली जाऊन एकमेकांवर आदळली. शेजारीपाजारी फावडी घेऊन धावले. बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ आणि दोन वर्षांची एक बालिका यांचा अंत झाला. अडीच हजारांच्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते.

हा हिमलोट हवामानबदलामुळेच कोसळला काय? एका घटनेवरून असा निवाडा देता येत नाही आणि तेथील जाणकारांनीही तो दिलेला नाही. वादळे तेथे पूर्वीही होत होती. परंतु उष्ण व दमट हवेतून अधिक हिम पडते, मध्येच पडलेल्या पावसाचा घट्ट थर खाली बसला की त्यावर नवे हिम घसरते आणि उन्हाळ्या-शरदातील अतिवृष्टीने उतारावरची विरघळलेली माती वाहून येते, हे सारे त्या दरीत दिसू लागले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच डोंगरावरून पुन्हा हिमलोट आला. सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याची शंभराहून अधिक घरे राहण्यास असुरक्षित ठरवून पाडण्याचा निर्णय झाला व उतारावर हिम अडविणारे पोलादी बांध उभारण्यात आले. पूर्वी गावातील वडीलधारे कोणत्या ऋतूत कोणता उतार धोक्याचा, हे अनुभवावरून सांगत. ऋतूच बदलले, तेव्हा तो अनुभव पुरेसा राहिलेला नाही.

बियाण्याचे कोठार

लाँगइयरब्येनपासून जवळच, समुद्रसपाटीपासून सुमारे १३० मीटर उंचीवर, डोंगराच्या पोटात जगभरच्या पिकांच्या बियाण्यांचे कोठार आहे. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ते सुरू झाले. एखाद्या देशातील बीजपेढी युद्धाने वा आपत्तीने नष्ट झाली, तर तिच्या वाणांची प्रत येथे सुरक्षित असावी, हा उद्देश. सिरियातील यादवीमुळे तेथील एका आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राला आपल्या बीजपेढीपर्यंत पोहोचणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ साली येथूनच बियाणे परत नेण्यात आले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या संस्थेने ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग यांचे सहस्रावधी वाण येथे ठेवले आहेत. आपल्या भाकरीचे बीज अशा रीतीने त्या बर्फात विसावले आहे.

वीज गेली तरी डोंगराची सदागोठित भूमी बियाण्यांना थंड ठेवील, या विश्वासावर जागा निवडली गेली होती. आतील दालनांचे तापमान यंत्रांच्या साहाय्याने शून्याखाली १८ अंश ठेवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये हिमाऐवजी धो धो पाऊस पडला आणि पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरून तेथे गोठले. बियाण्यांच्या दालनांपर्यंत ते पोहोचले नाही. एकाही दाण्याची हानी झाली नाही. तथापि बांधकामाच्या वेळी उकरलेली बोगद्याभोवतीची जमीन अपेक्षेप्रमाणे पुन्हा गोठलीच नव्हती, हे लक्षात आले. नॉर्वे सरकारने मोठा खर्च करून पाणी न झिरपणारा नवा काँक्रीटचा बोगदा बांधला, उष्णता बाहेर टाकणारी यंत्रे प्रवेशमार्गातून हलविली आणि २०१९ मध्ये ते काम पूर्ण झाले.

कोळशाचे गाव

या साऱ्या कथेतील एक विसंगती नजरेआड करता येण्यासारखी नाही. लाँगइयरब्येन हे गाव वसले तेच मुळी कोळशासाठी. जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ साली येथे खाण सुरू केली; त्याचेच नाव गावाला मिळाले. १९१६ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने ती विकत घेतली. ज्या खडकांत हा कोळसा सापडतो, त्यांत रुंद पानांच्या वृक्षांचे ठसे आढळतात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी येथे दाट अरण्ये होती. म्हणजे ही भूमी कधीकाळी उबदार होती, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. मात्र त्या बदलांना लक्षावधी वर्षे लागली. येथे आपण एका माणसाच्या आयुष्यातील बदलाविषयी बोलत आहोत.

गावाला वीज पुरविणारे कोळशाचे केंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाले. सध्या डिझेलवर वीज निर्माण होते. ते महाग पडते आणि दूरवरून आणावे लागते. गावाजवळची शेवटची नॉर्वेजियन खाण, सात क्रमांकाची, २०२५ च्या जूनअखेर बंद झाली. तीन-तीन पिढ्या खाणीत राबलेल्या कुटुंबांच्या मनात अभिमान आणि अवघडलेपण यांची सरमिसळ असल्यास नवल नाही. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या चिमुकल्या गावाने शंभर वर्षांत जाळलेला कोळसा जगाच्या हिशेबात नगण्य आहे. तेथील बर्फ वितळविणारा धूर युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून, आणि अलीकडे चीनच्या व आपल्याही वीजकेंद्रांतून, गेला आहे.

गोव्यातून ध्रुवाकडे

भारताचा या प्रदेशाशी संबंध केवळ १९२० च्या कागदावर राहिलेला नाही. गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. त्याच्या पुढाकाराने २००७ च्या ऑगस्टमध्ये भारताची पहिली उत्तर ध्रुवीय मोहीम निघाली आणि १ जुलै २००८ रोजी न्यू-ऑलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. लेखाच्या आरंभी ज्या गावाचा उल्लेख आला, तेच हे. तेही मूळचे कोळशाचेच गाव. १९६२ मध्ये खाणीत झालेल्या स्फोटात एकवीस कामगार मृत्युमुखी पडले, खाण बंद झाली आणि कालांतराने तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ राहू लागले.

जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी गावासमोरील काँग्सफ्योर्ड या खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही निरीक्षणयंत्रणा बसविली. तळाशी नांगरलेल्या दोराला निरनिराळ्या खोलीवर यंत्रे बांधलेली असतात आणि ती पाण्याचे तापमान, क्षारता व प्रवाह अखंड नोंदवीत राहतात. अटलांटिकचे उष्ण पाणी खाडीत केव्हा, किती आणि कोणत्या खोलीवरून शिरते, हे त्यातून कळते. हिवाळ्यात जेथे नाव घालणे कठीण, तेथे अशा न थकणाऱ्या पहारेकऱ्याची किंमत मोठी आहे.

एवढ्या दूरच्या खाडीचे तापमान मोजून आपला लाभ काय, असे विचारले जाते. समुद्राची पातळी हे एक उत्तर. येथे एक खुलासा आवश्यक आहे. समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी वाढत नाही. पेल्यातील बर्फाचा खडा विरघळला म्हणून पेला ओसंडत नाही. जमिनीवरील हिमनद्यांचे पाणी समुद्रात आले की मात्र ती वाढते. २०२४ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या हिमनद्यांनी सुमारे ६२ अब्ज टन बर्फ गमावले, म्हणजे तेथील एकूण बर्फाच्या जवळजवळ एक टक्का, आणि तोही प्रामुख्याने सहा आठवड्यांत. त्यामुळे जगाचा समुद्र एका मिलीमीटरच्या सहाव्या हिश्शाने चढला. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु शेजारच्या ग्रीनलंडवर समुद्र सात मीटरहून अधिक उंचावेल एवढे बर्फ आहे आणि तेथे हीच प्रक्रिया चालू आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांची घरे भरतीच्या रेषेलगत आहेत, त्यांना या हिशेबाकडे पाठ फिरविता येणार नाही.

दुसरे उत्तर पावसाचे. वास्को येथील केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे सुचविले आहे की, स्वालबार्डच्या पूर्वेकडील कारा समुद्रावरील उन्हाळी बर्फ घटण्याचा आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असू शकतो. उघड्या पडलेल्या समुद्राची उष्णता वरच्या वातावरणातील वाऱ्यांच्या लाटा बदलते, त्या लाटांचा परिणाम आशियापर्यंत पोहोचतो आणि तापलेल्या अरबी समुद्राचे बाष्प त्यात भर घालते, अशी ती कल्पना आहे. संबंध सुचविणे वेगळे आणि तो सिद्ध होणे वेगळे. काढणीला आलेले भात वा सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात गमावलेल्या शेतकऱ्याला लगेच ध्रुवाकडे बोट दाखविण्याची घाई कोणी करू नये. हा धागा तपासण्यास अखंड नोंदी हव्यात, आणि त्या हिवाळ्यातल्याही हव्यात.

अनेक वर्षे भारतीय पथके प्रामुख्याने उन्हाळ्याच्या महिन्यांत ‘हिमाद्री’वर राहून परतत असत. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तेथे गेली आणि चोवीस तासांच्या काळोखात वातावरणाची निरीक्षणे घेण्याचे काम सुरू झाले. जेथे पूर्वी केवळ हिमाची जाडी मोजावी लागे, तेथे आता त्याच काळोखात पाऊसही मोजावा लागतो.